आउटबोर्ड मोटरमधील कमी तेलाचा इशारा व त्याची चाचणी

कमी तेलाचा इशारा ही आउटबोर्ड मोटरमधील एक सुरक्षा-यंत्रणा आहे. होडीच्या मागील फळीवर बाहेरून बसवलेल्या या इंजिनातील वंगणतेल संपत आले, किंवा ते इंजिनाच्या भागांपर्यंत पोहोचेनासे झाले, की ही यंत्रणा भोंगा वाजवून अथवा दिवा लावून चालकाला सावध करते. वंगणाविना चालणारे इंजिन अल्पावधीत जाम होऊ शकते. रस्त्यावरील वाहन बंद पडले तर ते कडेला उभे करता येते. भर पाण्यात इंजिन बंद पडलेली होडी मात्र वारा, प्रवाह आणि भरती-ओहोटी नेतील तिकडे जाते. त्यामुळे हा इशारा इंजिनाच्या किमतीइतकाच होडीतील माणसांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

हा इशारा एरवी मौन असतो. भोंगा वाजत नाही याचा अर्थ तेल पुरेसे आहे असा होऊ शकतो, तसाच भोंगा, तार किंवा संवेदक निकामी झाला आहे असाही होऊ शकतो. केवळ मौनावरून या दोन शक्यतांत फरक करता येत नाही. तो करण्याचा उपाय म्हणजे ठरावीक काळाने केलेली चाचणी. टाकीतील तरंगकापासून चालकाच्या कानापर्यंतची संपूर्ण साखळी कार्यरत आहे, हे सिद्ध करणे हा या चाचणीचा हेतू असतो.

पार्श्वभूमी

होडीला बाहेरून लावता येणारी आणि काढून नेता येणारी पेट्रोल मोटर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. डेट्रॉइट येथील कॅमेरॉन वॉटरमन आणि मिलवॉकी येथील नॉर्वेजियन वंशाचे ओले एव्हिनरूड यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. एव्हिनरूड यांची मोटर १९०९ मध्ये बाजारात आली आणि लोकप्रिय झाली. पुढे अनेक दशके या प्रकारच्या मोटरी मुख्यतः टू-स्ट्रोक तत्त्वावर चालत असत.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण क्रँकशाफ्टच्या पेटीतून सिलिंडरकडे जाते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल वाटेत बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांवर पातळ थर धरते व शेवटी इंधनाबरोबर जळून जाते. म्हणजे या इंजिनात तेल खर्च होणे हा दोष नसून ती त्याची नेहमीची रीत आहे. जुन्या मोटरींना २४ भाग पेट्रोलास १ भाग तेल अशा प्रमाणाची आवश्यकता असे. पुढे इंजिने आणि तेले सुधारली आणि ५०:१ हे प्रमाण रूढ झाले. या प्रमाणात १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, तर २५ लिटर पेट्रोलास ५०० मिलिलिटर तेल लागते.

तेल हाताने मोजून मिसळण्याच्या पद्धतीत इशाऱ्याची गरज नव्हती. टाकीत पेट्रोल असेतो त्यात तेलही असणारच, कारण दोन्ही एकत्रच संपत. मात्र मोजमाप चुकण्याचा धोका, मिसळण्याचा खटाटोप आणि संथ गतीत होणारा जादा धूर या अडचणी होत्या. त्यांवर उपाय म्हणून तेल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाद्वारे आपोआप पुरवण्याची पद्धत आली. आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने जॉन्सन व एव्हिनरूड या आपल्या मोटरींत १९८४ च्या सुमारास ‘व्हीआरओ’ ही यंत्रणा आणली. तिच्या मूळ कल्पनेनुसार पूर्ण गतीत तेलाचे प्रमाण ५०:१ च्या जवळ, तर संथ गतीत त्याहून पुष्कळ कमी राखले जाई. यामाहा, मर्क्युरी, सुझुकी इत्यादी उत्पादकांनीही आपापल्या तेलपुरवठा यंत्रणा विकसित केल्या.

या सुधारणेने एक नवा धोका निर्माण केला. आता पेट्रोलची टाकी भरलेली असताना तेलाची टाकी रिकामी होऊ शकत होती, आणि इंजिन निव्वळ पेट्रोलवर, म्हणजे वंगणाविना, काही काळ नेहमीसारखेच चालत राहू शकत होते. हा धोका चालकाच्या लक्षात आणून देण्यासाठी तेलपुरवठा यंत्रणेबरोबरच कमी तेलाचा इशाराही आला. आपोआप तेल पुरवणारी व्यवस्था जितकी सोयीची, तितकाच तिच्यावर लक्ष ठेवणारा इशारा अनिवार्य, असे या दोहोंचे नाते आहे.

रचना

वेगळी तेलटाकी असलेल्या टू-स्ट्रोक मोटरीतील इशारा-यंत्रणेचे सामान्यतः पुढील भाग असतात.

तरंगक-स्विच: तेलाच्या टाकीत एक लहान तरंगक असतो. घरातील पाण्याच्या टाकीत पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या चेंडूसारखेच त्याचे काम असते. तेलाची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की तरंगक खाली येऊन विद्युत संपर्क जुळवतो. टाकी पूर्ण रिकामी होण्यापूर्वीच इशारा मिळावा अशी ही मर्यादा ठेवलेली असते. अनेक मोटरींत ती टाकीच्या सुमारे एक चतुर्थांश असते.

प्रवाह किंवा गती संवेदक: काही मोटरींत तेल प्रत्यक्ष पुढे सरकते आहे का, किंवा तेलपंपाचा दंड फिरतो आहे का, हे पाहणारा स्वतंत्र संवेदक असतो. टाकी भरलेली असूनही नळी तुंबली अथवा पंप बंद पडला, तर तरंगक-स्विचला त्याचा पत्ता लागत नाही. ते काम या संवेदकाचे आहे.

तारा व जोडण्या: संवेदकाकडून येणारी तार इंजिनावरून होडीच्या पुढील नियंत्रण-फळीपर्यंत जाते. अमेरिकी बनावटीच्या बहुसंख्य मोटरींत इशाऱ्याची तार फिकट तपकिरी रंगाची, तर चावी फिरवल्यावर १२ व्होल्टचा दाब देणारी तार जांभळी असते.

इशारा-मॉड्यूल: संवेदकाच्या संकेतावरून भोंगा सलग वाजवायचा की थांबून थांबून, हे ठरवणारा छोटा विद्युत-संच. अलीकडील मोटरींत हे काम इंजिनाचा नियंत्रक संगणक करतो.

भोंगा व दिवे: भोंगा बहुधा गतिनियंत्रकाच्या पेटीत किंवा नियंत्रण-फळीमागे बसवलेला असतो. चावी चालू असताना त्याला एका बाजूने बॅटरीचा दाब मिळतो. दुसरी बाजू संवेदकामार्फत इंजिनाच्या धातूला जोडली गेली, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत ‘अर्थ’ झाली, की भोंगा वाजतो.

पुष्कळ मोटरींत तेलाची कमतरता आणि इंजिनाचे अतितापन या दोन्ही धोक्यांसाठी एकच भोंगा वापरला जातो. चाचणीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तापमान-स्विचच्या तारेवरूनही भोंगा तपासता येतो.

इशाऱ्यांची भाषा

भोंग्याच्या आवाजाची पद्धत उत्पादक, वर्ष आणि प्रतिमान यांनुसार बदलते. सर्वसाधारणपणे सलग आवाज हा अतितापनाचा, तर थांबून थांबून येणारा आवाज तेलाच्या कमतरतेचा संकेत असतो. तथापि हा नियम सार्वत्रिक नाही.

१९९६ पूर्वीच्या अनेक जॉन्सन व एव्हिनरूड मोटरींत तीन वेगवेगळे संकेत आढळतात. तेलाची पातळी कमी झाली असता भोंगा सुमारे २० ते ४० सेकंदांच्या अंतराने एकदा वाजतो. तेलाचा प्रवाह थांबला असता तो भराभर, तुटक वाजतो. इंजिन तापले असता तो सलग वाजतो. यातील पहिला संकेत इतका विरळ असतो की इंजिनाच्या आवाजात तो ऐकू न येण्याची, किंवा ऐकू आला तरी भास समजून सोडून दिला जाण्याची शक्यता असते.

१९९६ पासूनच्या या कंपनीच्या मोटरींत चार दिव्यांचा दर्शक आला. कमी तेल, तेलाचा अभाव, अतितापन आणि इंजिन-तपासणी यांसाठी त्यात स्वतंत्र दिवे असत. चावी फिरवताच भोंगा क्षणभर वाजतो, सर्व दिवे एकदम लागतात आणि मग एकेक करून विझतात. दोष उद्भवल्यास भोंगा सुमारे १० सेकंद वाजतो आणि संबंधित दिवा लागतो. यामाहाच्या अनेक टू-स्ट्रोक मोटरींत हिरवा, पिवळा आणि लाल अशी तीन रंगांची खूण असते. पिवळी खूण होडीतील तेलटाकी भरण्याची सूचना देते. लाल खूण इंजिनावरील टाकीतील तेल धोकादायक पातळीला आल्याचे सांगते. तेव्हा भोंगा वाजतो आणि इंजिनाची गतीही आपोआप मर्यादित होते.

जुनी मोटर विकत घेणाऱ्याने तिच्या इशाऱ्यांची भाषा प्रथम समजून घेणे आवश्यक ठरते. चाचणी करताना ‘कोणता आवाज, किती वेळाने’ अपेक्षित आहे हे ठाऊक नसेल, तर चांगली यंत्रणा बिघडलेली वाटू शकते आणि बिघडलेली यंत्रणा चांगली.

चाचणीची आवश्यकता

बहुतेक तरंगक-स्विचांची रचना अशी असते की तेल पुरेसे असताना संपर्क तुटलेला आणि तेल कमी असताना जुळलेला असतो. या रचनेत एक अंगभूत त्रुटी आहे. तार तुटली, जोडणी गंजली किंवा भोंगा निकामी झाला, तर विद्युत-परिपथ तुटलेलाच राहतो. यंत्रणेच्या दृष्टीने ही स्थिती आणि तेलाची टाकी भरलेली असण्याची स्थिती यांत कोणताही फरक नसतो. यंत्रणा स्वतःच्या बिघाडाची सूचना देऊ शकत नाही.

खाऱ्या हवेत ही त्रुटी अधिक जाणवते. तांब्याच्या तारांवर हिरवा गंज चढतो, जोडण्या सैल होतात, आणि भोंगा तर वर्षभरात एकदाही वाजलेला नसतो. दररोज वापरली जाणारी वस्तू बिघडली तर त्याच दिवशी कळते. क्वचितच वापरली जाणारी वस्तू बिघडल्याचे मात्र नेमके गरजेच्या क्षणी उघड होते.

आणखी एक कारण होडीच्या जुळणीत आढळते. जुन्या होडीवर वेगळ्या कंपनीची किंवा वेगळ्या वर्षाची मोटर बसवली असता नियंत्रण-पेटी जुनीच ठेवली जाते. अशा वेळी इंजिनात संवेदक असतो, पण पुढे भोंगाच नसतो. किंवा भोंगा असतो, पण त्याची तार इंजिनाच्या तारेशी जोडलेली नसते. पूर्वीच्या मालकाने सततच्या आवाजाला कंटाळून भोंग्याची तार मुद्दाम सोडवून ठेवल्याचीही शक्यता असते. म्हणून हाताळलेली मोटर घेतल्यानंतरची पहिली चाचणी विशेष महत्त्वाची मानली जाते.

चाचणीपूर्वीची दक्षता

चाचणीचे बहुतेक टप्पे इंजिन बंद ठेवून, केवळ चावी फिरवून पार पाडता येतात. इंजिन सुरू करावे लागल्यास थंड पाण्याचा पुरवठा अपरिहार्य आहे. यासाठी होडी पाण्यात असावी, किंवा इंजिनाच्या पाणी घेण्याच्या जाळीवर रबरी वाट्या बसवून नळाचे पाणी सोडावे. पाण्याविना काही सेकंद इंजिन चालवले तरी पाण्याच्या पंपातील रबरी चक्राला इजा होऊ शकते.

इंजिन न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी आणि पंख्याजवळ कोणीही उभे राहू नये. पेट्रोलची वाफ साचलेली असताना विद्युत-जोडण्यांना हात लावल्यास ठिणगीने आग लागू शकते. म्हणून काम उघड्या हवेत करावे. बंदिस्त शेडमध्ये इंजिन चालवणे तेथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राणघातक ठरू शकते.

कोणत्याही तारेला अर्थ करण्यापूर्वी ती कोणती आहे हे त्या मोटरीच्या सेवापुस्तिकेवरून निश्चित करावे. जुन्या साध्या मोटरींत इशाऱ्याची तार अर्थ करणे निर्धोक असते. संगणक-नियंत्रित मोटरींत मात्र चुकीची तार इंजिनाच्या धातूला लागल्यास महागडा नियंत्रक जळू शकतो.

चाचणीच्या पायऱ्या

संपूर्ण साखळी एकाच वेळी तपासण्यापेक्षा भोंग्याकडून संवेदकाकडे, एकेक कडी तपासत जाणे सोयीचे असते. त्यामुळे दोष आढळल्यास तो नेमका कोठे आहे हेही कळते.

१. चावीची चाचणी: इंजिन सुरू न करता चावी ‘चालू’ स्थितीत आणावी. ज्या मोटरींत स्वयंचाचणीची सोय आहे, त्यांत भोंगा क्षणभर वाजतो व दिवे लागून विझतात. यातून बॅटरी, भोंगा आणि दिवे ठीक असल्याचे कळते. टाकीतील तरंगक ठीक आहे की नाही हे या चाचणीतून कळत नाही. अनेक चालक या क्षणिक आवाजावर समाधान मानतात. परंतु तो साखळीच्या केवळ शेवटच्या कड्यांचा पुरावा असतो.

२. भोंग्याच्या परिपथाची चाचणी: स्वयंचाचणी नसलेल्या जुन्या मोटरींत सिलिंडरच्या माथ्यावरील तापमान-स्विचची तार जोडणीतून सोडवावी. चावी चालू ठेवून त्या तारेचे इंजिनाकडून पुढे जाणारे टोक इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला टेकवावे. भोंगा सलग वाजला पाहिजे. वाजला नाही, तर भोंग्यापाशी १२ व्होल्ट दाब पोहोचतो का हे मल्टिमीटरने पाहावे. दाब असून भोंगा वाजत नसेल तर अर्थाकडील तार तुटली आहे किंवा भोंगा निकामी आहे. दाबच नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच आणि जांभळी तार तपासावी.

३. तरंगकाची चाचणी: तेलटाकीच्या झाकणालगतचा तरंगक-संच स्वच्छ हातांनी बाहेर काढावा आणि स्वच्छ फडक्यावर किंवा भांड्यावर धरावा. तरंगक खाली सरकू द्यावा व चावी चालू करावी. आता भोंग्याने कमी तेलाचा संकेत दिला पाहिजे. येथे घाई करू नये. काही मोटरींत दोन आवाजांमध्ये ४० सेकंदांपर्यंतचे अंतर असल्याने किमान एक ते दोन मिनिटे थांबणे योग्य ठरते. तरंगक बोटाने वर उचलल्यावर संकेत थांबला पाहिजे. काही मोटरींत हा इशारा इंजिन सुरू असतानाच कार्यान्वित होतो. तशी नोंद पुस्तिकेत असल्यास त्याप्रमाणे पाहावे. तरंगक बाहेर असताना तेलाच्या नळीत हवा शिरते. म्हणून इंजिन सुरू करून पाहायचे असल्यास पेट्रोलमध्ये आधी ५०:१ प्रमाणात तेल मिसळलेले असावे.

४. तारांची चाचणी: तरंगक खाली असूनही भोंगा वाजला नाही, पण दुसऱ्या पायरीत वाजला होता, तर दोष तरंगक-स्विचमध्ये अथवा त्याच्या तारांत आहे. दोन तारांच्या साध्या स्विचच्या बाबतीत जोडणी सोडवून इंजिनाकडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडून पाहाव्यात. आता इशारा आला तर स्विच निकामी आहे. आला नाही तर तार किंवा इशारा-मॉड्यूल दोषी आहे. स्विचच्या दोन टोकांमधील विद्युतरोध मोजूनही हेच ताडून पाहता येते. तरंगक वर असताना संपर्क तुटलेला आणि खाली असताना जुळलेला दिसला पाहिजे.

५. प्रवाहाची चाचणी: टाकीतील पातळी ठीक असणे आणि तेल इंजिनात पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेल प्रत्यक्ष वापरले जात आहे का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. पेट्रोलमध्ये ५०:१ प्रमाणात तेल मिसळून घ्यावे, तेलटाकीवर पातळीची खूण करावी आणि इंजिन नेहमीच्या कामावर चालवावे. खर्च झालेल्या पेट्रोलच्या मानाने तेलाची पातळी खाली आली असेल तर पंप तेल ओढत आहे. पातळी जागची हलली नसेल तर पंप काम करत नाही. तरीही पेट्रोलमधील तेलामुळे इंजिनाला इजा झालेली नसते. ही खात्री झाल्याखेरीज साध्या पेट्रोलवर येऊ नये. नळी सोडवून ‘तेलाचा अभाव’ हा संकेत प्रत्यक्ष तपासण्याचे काम मात्र जाणत्या मेकॅनिकवर सोपवणे इष्ट असते.

६. संपूर्ण साखळीची नोंद: सर्व जोडण्या पूर्ववत करून तिसरी पायरी पुन्हा एकदा करावी. चाचणीच्या वेळी सोडवलेली तार जोडायची राहून जाणे ही असामान्य बाब नाही, आणि तसे झाल्यास चाचणीनेच इशारा निकामी केल्यासारखे होते. शेवटी चाचणीची तारीख आणि ऐकू आलेला संकेत इंजिनाच्या वहीत लिहून ठेवावा.

तेलाची नळी किंवा टाकी उघडल्यानंतर नळीत अडकलेली हवा बाहेर काढणे आवश्यक असते. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसत असतील तर ते नाहीसे होईपर्यंत तेलमिश्रित पेट्रोलच वापरले जाते.

फोर-स्ट्रोक मोटरींतील इशारा

होंडा कंपनीने १९६४ पासून फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरी बनवल्या. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये सागरी पेट्रोल इंजिनांच्या धुराबाबत नियम केले. त्यानंतर फोर-स्ट्रोक आणि थेट इंधन फवारणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरींचा प्रसार झपाट्याने झाला.

फोर-स्ट्रोक मोटरीत तेल इंजिनाच्या तळाशी साठवलेले असते आणि पंपाच्या दाबाने सर्वत्र फिरवले जाते. येथील इशारा बहुधा तेलाची पातळी मोजत नाही, तेलाचा दाब पाहतो. दाब-स्विचची रचना तरंगकाच्या उलट असते. इंजिन बंद असताना दाब शून्य असल्याने संपर्क जुळलेला असतो, आणि इंजिन सुरू होऊन दाब वाढला की तो तुटतो. त्यामुळे ज्या साध्या मोटरींत हा स्विच थेट दिव्याला जोडलेला असतो, तेथे चावी फिरवताच दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. प्रत्येक वेळी इंजिन सुरू करताना स्विच, तार आणि दिवा यांची आपोआप चाचणी होते. चावी फिरवल्यावर दिवा न लागणे हेच येथे बिघाडाचे लक्षण ठरते. मात्र काही मोटरींत संकेतांची योजना याहून वेगळी असते, म्हणून पुस्तिका पाहणे येथेही आवश्यक आहे.

दाबाचा इशारा हा पातळीचा मापक नव्हे. तेल बरेच कमी होऊनही पंपाच्या तोंडाशी ते असेतो दाब टिकून राहू शकतो, आणि इशारा येईपर्यंत बेअरिंगना झळ पोहोचलेली असू शकते. म्हणून मोटर उभी ठेवून तेलपट्टीने पातळी पाहणे हा नित्यक्रम इशारा असूनही चुकवता येत नाही. इशारा तपासण्यासाठी तेल काढून घेऊन इंजिन चालवणे ही गंभीर चूक आहे. त्याने इशारा तपासला जाण्यापूर्वी इंजिन निकामी होऊ शकते.

सामान्य दोष

तरंगक घट्ट झालेल्या तेलात किंवा गाळात अडकणे, तरंगकात तेल शिरून तो बुडणे, जोडण्या गंजणे, होडीच्या कडेने जाणारी तार घासून तुटणे आणि भोंग्यात खारे पाणी शिरणे हे नेहमी आढळणारे दोष आहेत. तरंगक बुडाल्यास किंवा तार मधेच धातूला टेकल्यास टाकी भरलेली असतानाही भोंगा वाजतो. असा खोटा इशारा वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु वारंवार खोटा वाजणाऱ्या भोंग्याकडे चालक दुर्लक्ष करू लागतो किंवा त्याची तार काढून टाकतो, आणि मग खऱ्या इशाऱ्याला जागा उरत नाही. म्हणून खोटा इशाराही मौनाइतकाच दुरुस्तीस पात्र समजला जातो.

तेलटाकीत पाणी शिरल्यास ते जड असल्याने तळाशी बसते, आणि तेल ओढणारी नळी तळाजवळच असते. तरंगक वरच राहतो, इशारा येत नाही, आणि पंप तेलाऐवजी पाणी ओढतो. तरंगकाची चाचणी करताना टाकीचा तळ पाहण्याचे हे एक कारण आहे.

इशारा वाजल्यास

प्रत्यक्ष प्रवासात कमी तेलाचा संकेत मिळाल्यास गती कमी करून, सुरक्षित जागी इंजिन बंद करून टाकी पाहिली जाते. तेल कमी असल्यास ते भरून पुढे जाता येते. म्हणून योग्य प्रतीच्या तेलाचा एक डबा होडीत असणे हा या यंत्रणेचाच एक भाग मानावा. जलशीतित टू-स्ट्रोक मोटरींसाठी टीसी-डब्ल्यू३ आणि फोर-स्ट्रोक मोटरींसाठी एफसी-डब्ल्यू अशी मानके प्रचलित आहेत. दुचाकीचे तेल त्यांना पर्याय ठरत नाही.

टाकी भरलेली असून तेलाच्या अभावाचा संकेत येत असल्यास इंजिन तत्काळ बंद केले जाते. कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोक मोटरीत अशा वेळी पेट्रोलच्या टाकीत ५०:१ प्रमाणात तेल ओतून, ते नीट मिसळून, कमी गतीने किनारा गाठता येतो. हेही शक्य नसेल तर होडी वाहून जाऊ नये म्हणून नांगर टाकून मदत मागवणे श्रेयस्कर असते. सागरी व्हीएचएफ रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी संकटकाळासाठी जगभर राखीव आहे. भारतीय किनाऱ्यावर तटरक्षक दलाशी १५५४ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

मर्यादा

सर्वच मोटरींत हा इशारा नसतो. दोरी ओढून सुरू होणाऱ्या, बॅटरी नसलेल्या लहान टू-स्ट्रोक मोटरींत तेल हातानेच मिसळले जाते. भारताच्या किनाऱ्यावर, कोकण व गोव्यासह, लहान मासेमारी होड्यांवर अशा मोटरी वापरल्या जातात. तेथे इशाऱ्याची जागा मापाच्या भांड्याने घेतलेली असते. १० लिटर पेट्रोलास २०० मिलिलिटर हा हिशेब चुकला तर सावध करणारा भोंगा त्या होडीत नसतो.

तेलपुरवठा यंत्रणेवर विश्वास नसल्याने काही मालक ती काढून टाकून पुन्हा हाताने तेल मिसळू लागतात. हा निर्णय योग्य की अयोग्य याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. ज्यांनी यंत्रणा ठेवली त्यांच्यासाठी इशाऱ्याची चाचणी, आणि ज्यांनी काढली त्यांच्यासाठी दर वेळचे अचूक मोजमाप, ही दोन्ही एकाच जबाबदारीची रूपे आहेत.

चाचणी यशस्वी झाली म्हणजे इंजिन निर्दोष आहे असा अर्थ होत नाही. त्या दिवशी ती साखळी अखंड होती, एवढेच तिने सिद्ध होते. यामुळेच हंगामाच्या आरंभी, मोटर दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, विद्युत-जोडणीत कोणताही बदल केल्यानंतर आणि हाताळलेली मोटर विकत घेतल्यानंतर ही चाचणी पुन्हा करणे इष्ट ठरते.

हे सुद्धा पहा

आउटबोर्ड मोटर
टू-स्ट्रोक इंजिन
फोर-स्ट्रोक इंजिन
वंगण
भारतीय तटरक्षक दल